लुटारू, जागल्या आणि बेफिकीर मालक

११ ऑगस्ट २०१८ हा शनिवार होता. त्या दुपारपासून रात्रीपर्यंतच्या काही तासांत पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या नावावर २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघत राहिले. व्हिसा कार्डांवर परदेशात सुमारे ७८ कोटी रुपये, रुपे कार्डांवर देशात सुमारे अडीच कोटी. सोमवारी, १३ तारखेला, बँका एकमेकींना पैसे पाठवण्यासाठी वापरतात त्या स्विफ्ट प्रणालीतून आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधल्या एका खात्यात गेले. एटीएमवरून येणारी विनंती बँकेच्या मूळ प्रणालीपर्यंत पोचतच नव्हती. मधल्या मध्ये एक बनावट स्विच बसवलेला होता आणि तो आलेल्या विनंत्या परस्पर मंजूर करत होता. त्यामुळे खातेदारांच्या शिल्लक रकमेला धक्का लागला नाही. गेला तो बँकेचा पैसा, ९४ कोटींहून जास्त.

एप्रिल २०२३मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. सर्वांत मोठी शिक्षा चार वर्षांची. ही माणसे क्लोन केलेली कार्डे घेऊन एटीएमसमोर उभी राहणारी किंवा त्यांना कार्डे पुरवणारी होती. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने हा हल्ला उत्तर कोरियाशी जोडला. तो बनावट स्विच ज्यांनी बसवला, त्यांच्यापर्यंत पुण्याच्या तपासाचा हात पोचला नाही. तपास अधिकाऱ्यांनी जे केले ते कष्टाचे होते. कोल्हापूर-मुंबईपासून इंदूरपर्यंत एटीएमच्या कॅमेऱ्यांतले चेहरे शोधणे सोपे नसते. तरीही साखळीतली शेवटची कडीच हाती लागली.

हॅकिंगचा विषय निघाला की ‘कायदा आणखी कडक करा’ ही मागणी लगेच होते. आपला कायदा कडक की सौम्य, यापेक्षा तो कोणाला कडक आणि कोणाला सौम्य हे पाहिले पाहिजे, असे मला वाटते. संघटित लुटारूला तो हलका पडतो. यंत्रणेतली फट दाखवणाऱ्या जागल्याला तो जड पडतो. आणि लाखो लोकांची माहिती सांभाळण्याची जबाबदारी घेऊन ती वाऱ्यावर सोडणाऱ्या मालकाला तो जवळजवळ मोकळाच सोडतो. ही वाटणी उलटी व्हायला हवी. जगभरात या प्रश्नाशी गेली चाळीस वर्षे जी झटापट चालली आहे, तीतूनही मला हेच दिसते.

झटापटीची सुरुवात लंडनमधली. १९८०च्या दशकात ब्रिटिश टेलिकॉमची प्रेस्टेल नावाची सेवा होती: टेलिफोनच्या तारेवरून घरच्या टीव्हीवर बातम्या, वेळापत्रके, टपाल. एका प्रदर्शनात रॉबर्ट शिफ्रीन या पत्रकाराला कंपनीच्या अभियंत्याचा प्रवेश-संकेत दिसला. नाव होते आठ वेळा २ आणि पासवर्ड १२३४. तो आणि स्टीव्ह गोल्ड आत शिरले आणि थेट राणीचे पती प्रिन्स फिलिप यांच्या टपालपेटीपर्यंत गेले. गुन्हा दाखल करायचा तर कोणत्या कलमाखाली? संगणकात शिरणे हा ब्रिटनमध्ये गुन्हाच नव्हता. मग १९८१चा बनावट दस्तऐवजांचा कायदा काढला गेला आणि दुसऱ्याचा पासवर्ड टाकणे म्हणजे ‘खोटा दस्तऐवज’ तयार करणे, असा युक्तिवाद झाला. खालच्या न्यायालयाने तो मानला, अपील न्यायालयाने फेटाळला आणि १९८८मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने सुटकेवर शिक्कामोर्तब केले. क्षणभर यंत्राच्या स्मृतीत राहून पुसला जाणारा पासवर्ड हा दस्तऐवज होत नाही, हे उघड होते.

त्यातून १९९०चा कॉम्प्युटर मिसयूज ॲक्ट आला. या कायद्याच्या रचनेत पायऱ्या आहेत. नुसते परवानगीशिवाय आत शिरणे ही पहिली पायरी. तिला मुळात सहा महिन्यांपर्यंतची शिक्षा होती, पुढे ती दोन वर्षांपर्यंत वाढली. दुसरा गुन्हा करण्याच्या इराद्याने शिरणे ही दुसरी, पाच वर्षांपर्यंत. यंत्रणा बिघडवणे ही तिसरी, आज दहा वर्षांपर्यंत. कृत्य आणि शिक्षा यांची सांगड घालण्याचा हा प्रामाणिक प्रयत्न होता. पण पहिल्या पायरीवरच एक खोट राहून गेली: तिथे हेतू विचारला जात नाही.

ती खोट कशी बोचते हे २००५मध्ये दिसले. त्सुनामीग्रस्तांसाठी देणग्या गोळा करणाऱ्या एका ब्रिटिश संकेतस्थळावर लंडनमधल्या एका संगणक सुरक्षातज्ज्ञाने ३० पौंड दिले. पोच आली नाही, तेव्हा हे ठिकाण बनावट तर नाही ना, अशी शंका त्याला आली. त्याने पत्त्याच्या पट्टीत दोन ठिपके आणि एक तिरकी रेघ, असे तीनदा टाइप केले. फोल्डरमधून वरच्या फोल्डरमध्ये जाता येते का, हे पाहण्याची ती अगदी प्राथमिक चाचणी. काही उघडले नाही. त्याने काही घेतले नाही, काही बिघडवले नाही. पण संकेतस्थळाच्या पहारा-प्रणालीने इशारा दिला, पोलीस आले, आणि न्यायालयाने त्याला दोषी ठरवून ४०० पौंड दंड आणि ६०० पौंड खर्च ठोठावला. शिक्षा देताना न्यायाधीशांनी खेदही व्यक्त केला. कायद्याची अक्षरे त्यांना दुसरी वाटच देत नव्हती. देणगीदार म्हणून आलेल्या माणसाचे सुरक्षाक्षेत्रातले करिअर त्या निकालाने धोक्यात आले.

अमेरिकेत हीच गोष्ट जास्त भयानक रूपात घडली. तिथला संगणक फसवणुकीचा मुख्य कायदा १९८६चा. त्याखालचा पहिला मोठा खटला रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याचा. २ नोव्हेंबर १९८८ला त्याने सोडलेल्या वर्मने तेव्हाच्या छोट्याशा इंटरनेटवरची हजारो यंत्रे ठप्प केली. न्यायालयाने त्याला तुरुंगात पाठवले नाही. तीन वर्षे देखरेख, ४०० तास समाजसेवा आणि दंड. तो पुढे एमआयटीत प्राध्यापक झाला. विवेकाने दिलेली ही शिक्षा होती. पण पुढच्या दोन दशकांत त्या कायद्याला जोड देत देत इतके वाढवले गेले की तरुण प्रोग्रामर ॲरन स्वार्ट्झच्या वेळी विवेकाला जागाच उरली नाही. त्याने एमआयटीच्या नेटवर्कवरून जेस्टोर या शोधनियतकालिकांच्या डिजिटल संग्रहातले लाखो शोधनिबंध उतरवून घेतले होते. जेस्टोरने त्याच्याशी दिवाणी तडजोड केली आणि खटला नको, अशी भूमिका घेतली. तरी सरकारी वकिलांनी १३ आरोप ठेवले. त्यांची कमाल शिक्षा मिळवली तर काही दशके भरत होती. गुन्हा कबूल केलास तर सहा महिने, हाही प्रस्ताव होता. सहा महिने आणि काही दशके यांच्यातल्या दरीतच आरोपीला वाकवण्याची ताकद असते. ११ जानेवारी २०१३ रोजी, वयाच्या २६व्या वर्षी, स्वार्ट्झने आत्महत्या केली. शोधनिबंध उतरवणे योग्य होते का, यावर मतभेद होऊ शकतात. त्या कृत्यासाठी एखाद्या तरुणाचे अर्धे आयुष्य पणाला लावण्याची सोय कायद्यात असावी का, यावर मला तरी मतभेदाला जागा दिसत नाही.

अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने जून २०२१मध्ये व्हॅन ब्युरेन खटल्यात लगाम घातला. जॉर्जियातल्या एका पोलीस सार्जंटने पैसे घेऊन गाडीच्या नंबरप्लेटची माहिती सरकारी डेटाबेसमधून काढली होती. डेटाबेस वापरण्याचा अधिकार त्याला होता. वापर गैर होता. सहा विरुद्ध तीन मतांनी न्यायालय म्हणाले की जिथे जाण्याची मुभा आहे तिथे गैरहेतूने जाणे हा या कायद्याखालचा गुन्हा नाही. नाही तर ऑफिसच्या संगणकावर खासगी ईमेल वाचणारा प्रत्येक कर्मचारी गुन्हेगार ठरला असता. सार्जंटला दुसऱ्या कायद्याने शिक्षा करा, असा या निकालाचा अर्थ. वर्षभराने, मे २०२२मध्ये, अमेरिकी न्याय खात्याने सद्भावनेने सुरक्षेचे संशोधन करणाऱ्यावर या कायद्याखाली खटला भरू नये, असे धोरण जाहीर केले. धोरण म्हणजे कायदा नव्हे, पण सरकारी वकिलासाठी लेखी सूचना तरी आहे.

आता आपल्याकडे. मे २०००मध्ये ‘आय लव्ह यू’ व्हायरस फिलिपाइन्समधून निघून जगभर पसरला. मनिलात संशयित सापडला, पण लावायला कलम नव्हते. आरोप मागे घ्यावे लागले. फिलिपाइन्सने घाईघाईने जूनमध्ये कायदा केला, आणि त्याच जूनमध्ये आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. १७ ऑक्टोबर २०००पासून तो लागू झाला. मुळात हा ई-व्यापाराला मान्यता देणारा कायदा होता. गुन्ह्यांची कलमे त्यात मागून जोडल्यासारखी आहेत. २००८ची मोठी दुरुस्ती मुंबईवरच्या हल्ल्यानंतर महिन्याभरात संसदेत चर्चेविना मंजूर झाली. त्याच दुरुस्तीत ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकुराबद्दल शिक्षा देणारे कुप्रसिद्ध कलम ६६-अ होते. पालघरच्या दोन तरुणींना एका फेसबुक पोस्टपायी अटक होण्यात या कलमाचा वाटा होता आणि २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. हॅकिंगची कलमे त्याच कारखान्यातून, त्याच गडबडीत बाहेर पडली हे विसरू नये.

कलम ४३ सांगते की मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरणे, माहिती उतरवून घेणे, व्हायरस घालणे, यंत्रणा बिघडवणे, दुसऱ्याचा प्रवेश अडवणे आणि अशी बरीच कृत्ये केली तर नुकसानभरपाई द्यावी लागेल. हीच कृत्ये ‘अप्रामाणिकपणे किंवा कपटीपणाने’ केली तर कलम ६६ लागते: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कागदावर ही रचना ब्रिटनच्या पहिल्या पायरीपेक्षा बरी आहे. निव्वळ शिरकाव हा दिवाणी मामला, लबाडी असेल तरच फौजदारी. ज्यांनी हे दोन शब्द घातले, त्यांचे मी मनापासून कौतुक करतो.

पण पुढे पाहा. कलम ६६ जामीनपात्र आहे आणि त्यात पायऱ्या नाहीत. मैत्रिणीच्या खात्यात शिरलेला कॉलेजचा मुलगा आणि रुग्णालयाच्या सगळ्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारी टोळी, दोघे याच तीन वर्षांच्या कलमात बसतात. त्यावरच्या पायऱ्या कृत्याचे नुकसान पाहत नाहीत. लक्ष्य कोण होते ते पाहतात. सरकारने ‘संरक्षित’ म्हणून अधिसूचित केलेली यंत्रणा असेल तर कलम ७०खाली दहा वर्षांपर्यंत, आणि तिथे नुसता प्रयत्नही पुरतो. सायबर दहशतवादाला जन्मठेप. मधल्या प्रचंड पट्ट्यात, म्हणजे बहुतेक बँका, रुग्णालये, छोटे उद्योग आणि तुमच्या-आमच्या खात्यांच्या जगात, कमाल तीन वर्षे.

पोलिसांनी यावर स्वतःची वाट काढली. फिर्याद लिहिताना भारतीय दंड संहितेची फसवणूक, विश्वासघात, चोरी ही कलमे सोबत लावायची. ती अजामीनपात्र, शिक्षाही जास्त. ही वाट मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८मध्ये गगन हर्ष शर्मा खटल्यात अडवली. प्रकरण एका कंपनीची संगणकीय माहिती तिच्याच लोकांनी नेल्याच्या तक्रारीचे. न्यायालयाने म्हटले की कृत्य पूर्णपणे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलमांत बसत असेल तर त्याच कृत्यासाठी दंड संहिता लावता येणार नाही. विशेष कायदा सामान्य कायद्यावर मात करतो. कायद्याच्या दृष्टीने हे सुसंगतच आहे, आणि व्यावसायिक भांडणात अजामीनपात्र कलमांचा धाक दाखवण्याला त्याने आळा बसतो. पण परिणाम विचित्र झाला. नोकराने गल्ल्यातून पैसे चोरले तर सात वर्षे. संगणकातून त्याच्या शंभरपट किमतीची माहिती चोरली तर तीन. हा तिढा सोडवणे संसदेचे काम आहे आणि २०२४मध्ये लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनेही ते केले नाही. नुकसान, पीडितांची संख्या, संघटितपणा आणि जीवाला धोका यांवर शिक्षेच्या पायऱ्या बांधल्या पाहिजेत. रुग्णालयाचे यंत्र बंद पाडणे हा मालमत्तेचा गुन्हा म्हणून मोजणेच चूक आहे.

आता जागल्याकडे येतो, कारण माझ्या मते खरा अन्याय इथे होतो. ‘अप्रामाणिकपणे किंवा कपटीपणाने’ या शब्दांचा आधार त्याला मिळतो तो खटल्याच्या शेवटी. फिर्याद दाखल होते पहिल्या दिवशी. त्या दिवशी लॅपटॉप, फोन, हार्ड डिस्क मुद्देमाल म्हणून जप्त होतात आणि वर्षानुवर्षे परत येत नाहीत. सुरक्षेचे काम करणाऱ्याची रोजीरोटी त्याच यंत्रांवर असते. निर्दोष सुटेपर्यंतची ही शिक्षा कोणत्याही कलमात लिहिलेली नसते.

मतदान यंत्राचे प्रकरण मुंबईशी जोडलेले आहे. २०१०मध्ये हैदराबादचे अभियंता हरी प्रसाद यांनी अमेरिकेचे ॲलेक्स हाल्डरमन आणि नेदरलँड्सचे रॉप गोंगग्रिप यांच्यासोबत एका खऱ्या ईव्हीएमची तपासणी करून त्यात फेरफार कसा करता येतो हे दाखवले. यंत्र त्यांना कोणीतरी निनावीपणे आणून दिले होते. ते मुंबईच्या सरकारी गोदामातले निघाले. ऑगस्टमध्ये हरी प्रसाद यांना हैदराबादमधून अटक करून मुंबईला आणले गेले. आरोप चोरीचा. आठवड्याभराने जामीन मिळाला. यंत्र गोदामातून बाहेर कसे आले हा प्रश्न रास्त होता आणि पोलिसांनी तो विचारायलाच हवा होता. पण निवडणूक यंत्रणेतला दोष दाखवणाऱ्या माणसाला कोठडीत ठेवून त्याच्या स्रोताचे नाव काढून घेऊ पाहणे, याचा संदेश देशभरातल्या प्रत्येक संशोधकाला नीट कळला.

जानेवारी २०१८मध्ये चंदीगडच्या ‘द ट्रिब्यून’च्या वार्ताहर रचना खैरा यांनी ५०० रुपयांत आधारच्या नोंदी पाहण्याची सोय विकत मिळते हे स्वतः विकत घेऊन दाखवले. आधार प्राधिकरणाच्या अधिकाऱ्याने दिलेल्या फिर्यादीत विकणाऱ्यांसोबत वार्ताहराचेही नाव होते. देशभर टीका झाल्यावर सरकारने खुलासे केले. पण ही प्रतिक्षिप्त क्रिया लक्षात ठेवण्यासारखी आहे: गळती कळली की आधी ती सांगणाऱ्याकडे बोट.

सगळीच प्रकरणे इतकी स्वच्छ नसतात. २०१७मध्ये बंगळुरूच्या एका तरुण अभियंत्याने सरकारी रुग्णालयांच्या ॲपच्या सर्व्हरमधून वाट काढून आधारची माहिती पडताळणारे स्वतःचे ॲप बनवले होते. त्याला अटक झाली. त्याने फट कोणाला कळवली नव्हती, ती वापरून जाहिरातींतून थोडे पैसेही मिळवले होते. त्याला जागल्या म्हणता येणार नाही. पण ज्या सर्व्हरवर अशी उघडी वाट ठेवली होती, त्याच्या व्यवस्थापकांना कोणत्या कलमाखाली जबाब द्यावा लागला? आपला कायदा तो प्रश्नच विचारत नाही.

युरोपातल्या दोन छोट्या देशांनी हे अधिक समंजसपणे हाताळले आहे. नेदरलँड्सने २०१३पासून जबाबदारीने फट कळवण्याची मार्गदर्शक तत्त्वे केली. सरकारी वकीलही ती मानतात. गरजेपेक्षा जास्त आत गेलात का, माहिती उचलली का, मालकाला दुरुस्तीसाठी वेळ दिला का, हे पाहून खटल्याचा निर्णय होतो. तिथे सरकारी यंत्रणेतली फट कळवणाऱ्याला, मी डच सरकारला हॅक केले, अशा मजकुराचा टी-शर्ट मिळतो. लोकांना तो अंगावर मिरवावासा वाटतो, आणि राज्ययंत्रणेला त्यात अपमान वाटत नाही. बेल्जियमने २०२३मध्ये आणखी पुढचे पाऊल टाकले: मालकाची परवानगी नसतानाही, लबाडीचा हेतू नसेल, कृती गरजेपुरतीच असेल, फट लगेच मालकाला आणि राष्ट्रीय सायबर केंद्राला कळवली असेल आणि केंद्राच्या संमतीशिवाय ती जाहीर केली नसेल, तर कायदाच संरक्षण देतो.

उलटे उदाहरण जर्मनीचे. २०२१मध्ये एका संशोधिकेने तिथल्या सीडीयू पक्षाच्या प्रचार-ॲपमधली गळती पक्षाला कळवली आणि पक्षाने तिच्याविरुद्धच तक्रार दिली. नंतर माफी मागून तक्रार मागे घेतली. पण केऑस कॉम्प्युटर क्लब या जुन्या संघटनेने तोवर जाहीर केले की या पक्षाच्या यंत्रणांतल्या फटी आम्ही यापुढे कळवणार नाही. नुकसान कोणाचे झाले असेल ते सांगायला नको.

आपल्याकडे सर्ट-इन ही सायबर सुरक्षेची केंद्रीय संस्था आहे आणि फट कळवण्याचे तिचे धोरणही आहे. मात्र ते धोरण कळवणाऱ्याला खटल्यापासून अभय देत नाही, कारण ते देण्याचा अधिकार संस्थेकडे नाही. बेल्जियमच्या अटींसारख्या अटी घालून कलम ६६ला एक अपवाद जोडणे, आणि सर्ट-इनकडे आधी नोंद झालेली असेल तर तिचे मत घेतल्याखेरीज अटक किंवा जप्ती करता येणार नाही असे म्हणणे, हे एका पानाच्या दुरुस्तीचे काम आहे. याचा गैरफायदा लुटारू घेतील, असा आक्षेप येतो. लुटारू सरकारी संस्थेला आपल्या नावासकट आधी ईमेल पाठवून चोरी करत नसतो.

मालकाच्या जबाबदारीचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हॅकिंगच्या कायद्याची सगळी भाषा घरफोडीवरून आलेली आहे: अनधिकृत प्रवेश, कुलूप, मालक. घरफोडीत घरमालकाचे स्वतःचेच सामान जाते, म्हणून त्याने कुलूप लावले होते का हे कायदा विचारत नाही. बँक, विमा कंपनी, शाळा, ॲप यांच्याकडे असलेले सामान दुसऱ्यांचे असते. तिथे कुलूप लावले होते का, हाच पहिला प्रश्न हवा.

हे आपल्याला जमत नाही असेही नाही. ६ जुलै २०१७च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने ठरवून दिले की चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तिसऱ्याच कोणाची असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर त्याच्यावर एक रुपयाचाही बोजा पडणार नाही; ग्राहक जबाबदार आहे असे म्हणायचे तर ते बँकेने सिद्ध करायचे. एकाही हॅकरला न पकडता या परिपत्रकाने सामान्य माणसाला जो आधार दिला, तो शिक्षा वाढवणाऱ्या दुरुस्त्यांनी दिलेला नाही. पुढे सहकारी बँकांनाही अशाच सूचना गेल्या.

माहिती तंत्रज्ञान कायद्यातही एक फारसे कोणाला माहीत नसलेले दालन आहे. राज्याचा माहिती तंत्रज्ञान सचिव हा न्यायनिवाडा अधिकारी असतो आणि पाच कोटींपर्यंतच्या भरपाईचे दावे तो ऐकू शकतो. २०१३मध्ये महाराष्ट्राचे तत्कालीन सचिव राजेश अग्रवाल यांनी पुण्यातल्या एका उद्योजकाच्या खात्यातून फसवणुकीने गेलेल्या सुमारे ८० लाख रुपयांपैकी ४५ लाख भरून देण्याचा आदेश एका राष्ट्रीयीकृत बँकेला दिला. उद्योजक फसव्या ईमेलला बळी पडला होता, म्हणून त्याचा वाटा त्याच्याकडे ठेवला. पण चोरांची खाती नीट न तपासता उघडल्याबद्दल बँकेलाही जबाबदार धरले. माझ्या मते असाच समतोल हवा. मात्र या आदेशांवरची अपिले जिथे जायची, त्या सायबर अपील न्यायाधिकरणाला जून २०११पासून अध्यक्षच नव्हता. शेवटी २०१७मध्ये ते दूरसंचार न्यायाधिकरणात विलीन केले गेले. सहा वर्षे अपिलाचे दार बंद असलेल्या व्यवस्थेकडे लोक फिरकले नाहीत, यात नवल नाही.

आणि आता मागे जाणारे पाऊल. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेत हयगय केली तर २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे, याचे खूप स्वागत झाले. पण हा दंड जातो भारताच्या संचित निधीत. ज्याची माहिती गेली त्याला त्यातून काही मिळत नाही. उलट याच कायद्याने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४३-अ वगळण्याची तरतूद केली आहे, आणि निष्काळजी कंपनीकडून पीडिताला भरपाई मिळवून देणारे कलम तेच होते. ही अदलाबदल मला अत्यंत चुकीची वाटते. सरकारी तिजोरीचे नुकसान झालेले नसते. झालेले असते ते ज्या बाईचे आधार, पॅन आणि आजारपणाचे कागद बाजारात विकले गेले तिचे.

पुराव्याबद्दल दोन गोष्टी. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते की नाही, हा वाद वर्षानुवर्षे चालला आणि तो मिटला जालन्याच्या एका निवडणूक खटल्यात. अर्जुन खोतकर यांचा २०१४चा उमेदवारी अर्ज वेळेनंतर दिला गेला का, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रीकरणावर ठरणार होते आणि अधिकारी प्रमाणपत्र देत नव्हते. जुलै २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणपत्र अनिवार्य ठरवले. नव्या साक्ष अधिनियमात आता हॅश मूल्य, म्हणजे फाइलचा गणिती ठसा, हेही द्यावे लागते. हॅश एवढेच सांगतो की जप्तीनंतर फाइल बदललेली नाही. जप्तीच्या आधीच कोणी शिरून फाइल ठेवली असेल तर? भीमा कोरेगाव प्रकरणात आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी संस्थेने फेब्रुवारी २०२१मध्ये नेमका हाच दावा केला. तपास यंत्रणेने तो मान्य केलेला नाही आणि निर्णय न्यायालयाचा आहे. खटला कोणाचाही असो, ज्याच्या यंत्रातला पुरावा वापरायचा ते यंत्र आधी हॅक झाले होते का, याची स्वतंत्र तपासणी मागण्याचा आरोपीचा हक्क कायद्यात स्पष्ट लिहायला हवा.

देशाबाहेरच्या हल्लेखोराचे काय, याचे उत्तर थोडक्यात: एकट्या कायद्याने काही होत नाही. सायबर गुन्ह्यांविषयीच्या २००१च्या बुडापेस्ट करारात भारत नाही, सार्वभौमत्वाच्या शंकेमुळे. डिसेंबर २०२४मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने वेगळा करार स्वीकारला, पण त्यात संशोधकांना पक्के संरक्षण नाही, ही सुरक्षाक्षेत्रातली तक्रार रास्त आहे. आणि परदेशातून पुरावा येईपर्यंत आपल्याकडे तपास करणार कोण? माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली निरीक्षक दर्जाच्या खालचा अधिकारी तपास करू शकत नाही. जिल्ह्याच्या सायबर ठाण्यात असे निरीक्षक मोजकेच, आणि २०२२मध्ये देशभरात नोंदलेले सायबर गुन्हे ६५,८९३. कलमांपेक्षा आधी माणसे हवीत.

शेवटी सरकार स्वतः हॅक करते तेव्हाचा प्रश्न. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने फेब्रुवारी २००८मध्ये म्हटले की माणसाच्या संगणकाची अभेद्यता हा मूलभूत हक्काचा भाग आहे. जीविताला किंवा राज्याच्या अस्तित्वाला ठोस धोका असेल आणि न्यायाधीशाचा आदेश असेल तरच त्यात गुपचूप शिरता येईल. ब्रिटनने २०१६मध्ये अशा घुसखोरीसाठी मंत्र्याच्या आदेशावर न्यायिक आयुक्ताची संमती बंधनकारक केली. आपल्या कलम ६९मध्ये अडवणे, नजर ठेवणे, सांकेतिक मजकूर उलगडणे असे शब्द आहेत. फोनमध्ये मालवेअर घालण्याची परवानगी त्यात बसते का, हे कोणत्याही कलमात स्पष्ट लिहिलेले नाही. आदेश देतो गृह सचिव. त्याचा आढावा घेतात ते आणखी सचिव.

पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरने पाळत ठेवल्याच्या आरोपांवर सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती रवींद्रन यांच्या देखरेखीखालच्या समितीने २९ फोन तपासले. पाच फोनमध्ये मालवेअर सापडले. ते पेगॅससच आहे असे ठामपणे सांगता आले नाही, आणि केंद्र सरकारने सहकार्य केले नाही, असे ऑगस्ट २०२२मध्ये न्यायालयात सांगण्यात आले. कलम ४३ ‘परवानगीशिवाय’ म्हणते तेव्हा मालकाच्या परवानगीबद्दल बोलते. त्या पाच फोनचे मालक उद्या फिर्याद द्यायला गेले तर कलम ६६खाली ती घ्यावीच लागेल. पण फिर्याद घेणारा निरीक्षक ज्या गृह खात्यात नोकरी करतो, त्याच खात्याचा सचिव पाळतीचे आदेश देत असतो. म्हणून नागरिकाच्या यंत्रात शिरण्याचा आदेश, तो द्यायचाच असेल तर, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाने लेखी कारणांसह द्यावा, आणि काम संपल्यावर ठरावीक मुदतीत त्या नागरिकाला तो कळवावा, असे कायद्यात लिहिले गेले पाहिजे.